अँब्रोज टिलरीने पाहुण्यांना मॅकन दाखवलं

"मॅकन बघायला दोन तास पुष्कळ झाले, डॅडी," जॉसलिन फोनवर म्हणाली, आणि अँब्रोज टिलरीने तोंडाकडे नेलेली पीचची फोड तशीच बशीत परत ठेवली.

दोन तास! ज्या माणसाने चौतीस वर्षं टपालाची पिशवी खांद्याला लावून हे शहर पायी तुडवलं, त्याला त्याच्या पोटच्या पोरीने हे सांगावं? दोन तासांत त्याची पहिली पिशवीसुद्धा रिकामी होत नसे. मिनीॲपोलिसला चार हिवाळे काय काढले, पोरीला जॉर्जियाचं ऊनच विसरायला झालं! तो तिला तसं सुनावणारही होता, पण तिचं पुढचं बोलणं ऐकून ते राहूनच गेलं.

"एरिकच्या आईवडिलांनी इकडे तळ्याकाठी एक हॉल बघितलाय लग्नासाठी. हॉलवाल्यांना पुढच्या रविवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. पुढच्या शनिवारी ते फ्लोरिडाला जाता जाता तुमच्याकडे थांबतील. मी असेन बरोबर, एरिकला सुट्टी नाही. चर्च दाखवा, जेवू घाला, बस. उगाच मोठं काही काढू नका."

मोठं काढू नका, असं टिलरी घराण्यातल्या पुरुषाला सांगणं म्हणजे मोठं काढा असं लेखी देण्यासारखंच होतं. आणि प्रश्न तरी कुठे लहान होता? अँब्रोजचं आणि अर्लीनचं लग्न ज्या चर्चमध्ये लागलं, जिथे जॉसलिनचा बाप्तिस्मा झाला, तिथे पोरीचं लग्न लागायचं, की बाराशे मैलांवरच्या कुठल्याशा तळ्याकाठी, जिथे मॅकनहून फार तर सहा माणसं पोचली असती आणि तीही कुडकुडत? एका शनिवारात एरिकच्या आईवडिलांना, त्या हॅल्वरसन जोडप्याला, मॅकन पटलं पाहिजे होतं. नाही पटलं तर संपलं.

"पोरीने काय सांगितलं ते ऐकलंस ना?" अर्लीन म्हणाली.

"ऐकलं," अँब्रोज म्हणाला आणि कागद शोधू लागला.

कागदावर त्याने शीर्षक लिहिलं, 'मॅकनला आलेल्या माणसाने काय पाहावं आणि कुठे जेवावं'. ठिकाणं त्याने आपल्या टपालाच्या वाटेने लिहिली, कारण दुसरी कुठली वाट त्याला शहरात ठाऊकच नव्हती. पहिल्या क्रमांकावर नदीकाठची आदिवासींनी हजार वर्षांपूर्वी रचलेली मातीची टेकडी, कारण तिथे सगळेच जातात. सातव्यावर एका बाईंच्या अंगणातलं मॅग्नोलियाचं झाड, 'आडवं पडून खालून बघावं' अशा सूचनेसकट. बाराव्यावर एक कोपरा, जिथे त्याला नोकरीतला पहिला आणि शेवटचा कुत्रा चावला.

"हे काय बघायचं?" अर्लीनने विचारलं.

"कोपरा."

"आणि त्यात बघायचं काय?"

"चौतीस वर्षांत एकच कुत्रा, अर्लीन! उत्तरेकडच्या कुठल्या पोस्टमनला विचार, त्याचा आकडा काय आहे ते."

जेवणाबद्दल मात्र मतभेदाला जागा नव्हती. जेवायचं लुसीलकडे. लुसीलच्या खाणावळीला पाटी नाही, टेबल राखून ठेवायची सोय नाही. एक मांस आणि तीन भाज्या ताटात पडतात, आणि चीजमध्ये भिजलेली मॅकरोनी ही मॅकनमध्ये भाजी धरतात. यावर ज्याला वाद घालायचा असेल त्याने आपल्या गावी जाऊन घालावा. लुसीलचं जेवण साधारण दीड वाजता संपतं. संपलं की ती दाराला कडी घालते, मग बाहेर गव्हर्नर उभा असला तरी.

आता हे इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण शेजारी कर्टिस विम्बर्ली कुंपणापलीकडून सगळं ऐकत होता. कर्टिसचा स्वभाव असा की तुम्ही शिंकलात तर तो औषध सांगतो, आणि नाही शिंकलात तर का नाही शिंकलात ते विचारतो.

"लुसीलकडे नेतोस?" तो ओठांच्या कोपऱ्यातून फू करत म्हणाला. मॅकनमध्ये मे महिन्यात चिलटं इतकी असतात की माणसं प्रत्येक दोन शब्दांमागे एक फुंकर मारतात. "फू! पण रिब्ज कुठे खायला घालणार? रिब्ज न खाता परत गेले तर लोक आपल्याला हसतील."

"रिब्ज मी स्वतः करू शकतो," अँब्रोज म्हणाला. डुकराच्या बरगड्या निखाऱ्यावर भाजण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं त्याचं मत होतं.

यावर कर्टिसने फक्त फुंकर मारली. ती चिलटासाठी होती की कशासाठी, हे अँब्रोजला कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी चर्चच्या आतिथ्य समितीच्या अध्यक्ष सिस्टर आयडेला ग्रिग्ज यांच्या कानावर गेली. या चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर आणि सिस्टर म्हणतात. सिस्टर ग्रिग्ज कुठलीही गोष्ट नुसती ऐकत नाहीत. त्या सभा बोलावतात. सभेत ठराव झाला की ब्रदर टिलरी यांच्या पाहुण्यांना समितीतर्फे शहर दाखवण्यात यावं आणि समितीने जातीने हजर राहावं. कोणी म्हणालं, गुलाबी वाड्याजवळून न्या. कोणी म्हणालं, माझ्या भाचीचं केस कापायचं दुकान दाखवा. कागदावरची ठिकाणं एकेचाळीस झाली आणि गाड्या सगळ्या मिळून पाच.

मधल्या काळात अँब्रोज पर्यटकांना माहिती देणाऱ्या एका कार्यालयात जाऊन आला. त्यांच्या रंगीत पुस्तिकेत लुसीलचं नावच नव्हतं, हे त्याच्याने सहन झालं नाही. खिडकीमागच्या तरुण बाईने त्याचं सगळं बोलणं गोड हसून ऐकलं आणि त्याच्यापुढे चार पानी अर्ज सरकवला.

"आपण व्यवसाय आहात की संस्था, सर?"

"मॅडम, मी माणूस आहे."

बाईने रकाने पुन्हा वरपासून खालपर्यंत तपासले. "माणसासाठी रकाना नाहीये, सर."

चौतीस वर्षांची नोकरी, वक्तशीरपणाची दोन प्रशस्तिपत्रं, आणि रकाना नाही! अँब्रोजने टोपी डोक्यावर चढवली, पुस्तिका तिथेच ठेवली आणि बाहेर पडला. त्याच्या गाडीचा एअर कंडिशनर नेमका त्याच दिवशी बंद पडला. म्हणून शनिवारसाठी कर्टिसची गाडी ठरली.

ही गाडी म्हणजे एका अंत्यविधीवाल्या कंपनीने लिलावात काढलेली लांबलचक काळी लिमोझीन. मागच्या काचा काळ्या, आत समोरासमोर बाकं. कर्टिसने ती घेतली तेव्हा गल्लीत दोन दिवस चर्चा झाली होती. पण पुढे चार वर्षं तो तिच्यातून मासे आणत होता, खत आणत होता, एकदा तर सासूचा सोफा आणला होता. त्यामुळे गल्लीतल्या कोणाला ती आता मयताची गाडी वाटत नसे. ती माशाचा वास येणारी कर्टिसची गाडी होती. बाकीचं शहर मात्र कर्टिसच्या गल्लीत राहत नव्हतं, आणि हा मुद्दा समितीच्या एकाही सभेत निघाला नाही.

शनिवारी साडेदहाला पाहुणे आले. रॉजर हॅल्वरसन उंच, गोरा, उन्हाने आधीच लालेलाल झालेला. कॅरिन हॅल्वरसन बारीक, शांत, हातात पाण्याची बाटली. दोघंही इतकं कमी बोलत की अँब्रोजला वाटलं यांना प्रवासात काहीतरी झालंय.

"ते असेच आहेत, डॅडी," जॉसलिन कुजबुजली. "खूश असले तरी असेच. आणि ही गाडी कसली? आणि मागे या चार गाड्या कोणाच्या?"

"समिती," अँब्रोज म्हणाला.

"कसली समिती?"

पण अँब्रोज तोवर रस्त्यावर उभा राहून गाड्यांची रांग लावत होता. टपाल खात्यात शिस्त लागते तशी त्याने सूचना दिली, "सगळ्यांनी दिवे चालू ठेवा. म्हणजे गर्दीत एकमेकांची चुकामूक व्हायची नाही."

आता मॅकनच्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा. पुढे लांब काळी गाडी, मागे भर दिवसा दिवे लावलेल्या चार गाड्या, सगळ्यांची चाल संथ. याचा अर्थ काय? एकच अर्थ. कोणीतरी गेलं. अशी रांग दिसली की समोरून येणारी गाडी रस्त्याच्या कडेला थांबते, पायी चालणारा टोपी काढून छातीशी धरतो, मयताला ओळखत असो वा नसो. अँब्रोजने स्वतः खांद्यावर पिशवी असताना हजार वेळा अशी टोपी काढलेली. त्याला हे कळायला हवं होतं. पण माणूस आपल्याच थाटात असला की त्याला समोरचं दिसत नाही, आणि अँब्रोज त्या दिवशी नुसता थाटात होता.

तो मागे काळ्या काचेआड पाहुण्यांसमोर बसला होता. जॉसलिन त्यांच्या शेजारी. पुढे कर्टिस, काळा सूट घालून, कारण पाहुण्यांपुढे गबाळं दिसायचं नाही असा समितीचा ठराव होता. त्याच्या बाजूला अर्लीन, डोक्यावर चर्चची मोठी निळी हॅट. माशांच्या वासाने तिने आपल्या बाजूची काच खाली केली आणि पहिल्याच वळणावर तिच्या डोळ्यात चिलट गेलं. मग तिने जो रुमाल डोळ्याला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही.

पहिली गाडी कडेला थांबली ती चेस्टर न्हाव्याच्या दुकानासमोर. मग मागची. मग ट्रक. दुकानातून चेस्टर आणि अर्धवट दाढी झालेली दोन गिऱ्हाइकं बाहेर आली आणि मान खाली घालून उभी राहिली.

"हे लोक का थांबलेत?" रॉजरने विचारलं. तासाभरातलं त्याचं ते पहिलं वाक्य.

अँब्रोजने बाहेर पाहिलं. आणखी एक ट्रक थांबला, आणि चालवणारा खाली उतरून टोपी छातीशी धरून उभा राहिला. अँब्रोजच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"त्याचं असं आहे रॉजर," तो जमेल तितक्या नम्रपणे म्हणाला, "मी इथे चौतीस वर्षं टपाल वाटलंय."

"आणि म्हणून ते थांबतात?"

"लोक विसरत नाहीत."

जॉसलिनने बापाकडे पाहिलं. चार वर्षं बाहेर राहिली तरी पोर मॅकनची होती, तिच्या मनात काहीतरी चुकचुकलं. पण आपण येणार म्हणून डॅडींनी खरंच शहराला सांगून ठेवलं असेल की काय, अशीही तिला भीती वाटली, आणि तिने विचारायचं टाळलं. अँब्रोज काळ्या काचेआडून दोन्ही बाजूंना हात हलवत होता. बाहेरच्या एकालाही तो दिसत नव्हता.

चौकात मोटारसायकलवर एक तरुण पोलीस उभा होता. बिचाऱ्यांच्या रांगेपुढे साधा पोलीससुद्धा नाही, हे त्याला बघवलं नाही. त्याने सलाम ठोकला, पुढे येऊन निळा दिवा लावला आणि रहदारी थांबवली.

"पोलीससुद्धा?" कॅरिन म्हणाली.

"हे मात्र मी सांगितलं नव्हतं," अँब्रोजने कबूल केलं. त्याचा ऊर इतका भरून आला की तो टेकडीबद्दल सांगायचंच विसरला. टेकडीचं वळण आलं आणि गेलं. पोलीस सरळ निघाला आणि कर्टिस त्याच्यामागे.

"कर्टिस, उजवीकडे!"

"पुढे पोलीस आहे बाबा! मी पोलिसाला मागे टाकून वळू? फू!"

मॅग्नोलियाचं झाड गेलं. कुत्र्याचा कोपरा गेला. लुसीलची गल्ली गेली, बारा वाजून दहा मिनिटांनी. मग दोन्ही बाजूंना देवदार दिसू लागले, लोखंडी कमान आली, आणि मिरवणूक नदीकाठच्या जुन्या दफनभूमीत शिरून थांबली.

पोलीस उतरला. हेल्मेट काढून त्याने अर्लीनच्या खिडकीशी वाकून विचारलं, "फार वाईट झालं, मॅडम. कुठल्या भागात न्यायचंय?"

"डोळ्याच्या डॉक्टरकडे," अर्लीन म्हणाली.

मागचं दार उघडून अँब्रोज बाहेर आला. त्याने कमान पाहिली, थडगी पाहिली, मागच्या गाड्यांचे पेटलेले दिवे पाहिले, आणि त्याच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. असा प्रकाश शत्रूच्याही डोक्यात पडू नये.

"साहेब, मयत कुठे आहे?" पोलिसाने विचारलं.

"मयत नाही. आम्ही जेवायला निघालोय."

पोलिसाने पाच गाड्या मोजल्या. "जेवायला?"

"लुसीलकडे. मी अँब्रोज टिलरी." अँब्रोज थोडा थांबला. "टपालवाला."

"मी सहा महिन्यांपूर्वी बदलून आलोय, साहेब," पोलीस म्हणाला. "माझं सगळं मोबाइलवर येतं." आणि तो निघून गेला.

रॉजर हॅल्वरसन देवदाराखाली उभा राहून घाम पुसत होता. अँब्रोजने त्याला सगळं सांगितलं. सांगण्यावाचून इलाज नव्हता. टोप्या त्याच्यासाठी निघाल्या नव्हत्या.

"मग कोणासाठी काढल्या?"

"कोणासाठीही. मेलेल्या माणसासाठी."

"ओळखत नसले तरी?"

"त्याला ओळख कशाला लागते?"

रॉजरने पुन्हा घाम पुसला. त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने बाटलीतलं पाणी प्यायलं. झालं! अँब्रोजच्या मनाने घेतलं की खेळ खलास. पाहुण्यांना त्याने काय दाखवलं? दफनभूमी! आणि तीही भर उन्हात, उपाशीपोटी. तळ्याकाठच्या हॉलात आता बँड वाजताना त्याला ऐकू येऊ लागला.

दफनभूमीच्या अरुंद वाटेवर पाच गाड्या वळवता वळवता तास गेला, आणि लुसीलकडे पोचायला पावणेदोन झाले. कडी लागलेली होती. अँब्रोजने दार वाजवलं, नाव सांगितलं. आतून आवाज आला, "थट्टा करायची वेळ आहे का ही? लाज वाटायला हवी!" आणि आतला दिवासुद्धा बंद झाला. चाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकाशी ही वागणूक! पोटात कावळे ओरडत होते. समितीच्या चारही गाड्या एकेक करून आपापल्या घरच्या फ्रिजकडे पांगल्या. त्यांच्यातले फोन कधीपासून खणखणत होते, पण गाडी चालवताना फोन उचलायचा नाही असा सिस्टर ग्रिग्जचा ठराव होता. अर्लीनचा फोन घरी चार्जिंगला लावलेला होता. आणि अँब्रोज मोबाइल वापरत नसे. ज्याने जन्मभर पत्रं वाटली त्याने ते वापरू नये, असं त्याचं मत होतं.

गल्लीच्या तोंडाशी कर्टिसला गाडी थांबवावी लागली. दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या होत्या, पार कोपऱ्यापर्यंत. डोक्यावर हॅट घातलेल्या बायका हातात झाकलेली भांडी घेऊन चालल्या होत्या.

"अरेरे," अँब्रोजने टोपी काढून छातीशी धरली. "आपल्या गल्लीतलं कोणीतरी गेलं. मिस ओडेसा असणार. ब्याण्णव वर्षांची म्हातारी, आणखी कोण?"

कर्टिसनेही टोपी काढली. ते पाहून रॉजरने आपली काढली. पुढचा रस्ता अडलेला, म्हणून ते मागच्या बोळाने आले आणि स्वयंपाकघराच्या दाराने घरात शिरले. आणि दारातच सगळे खिळून उभे राहिले.

टेबलावर, ओट्यावर, चुलीवर, फ्रिजवर, खुर्च्यांवर भांडीच भांडी. तळलेलं चिकन तीन परातींत. हॅम. मॅकरोनी सहा प्रकारची. रताळ्याचं, दुधी भोपळ्यासारख्या पिवळ्या स्क्वॉशचं, हिरव्या शेंगांचं कॅसरोल, सगळं ओव्हनमधून भाजून काढलेलं. कोलार्डच्या पानांची भाजी, अर्धी करून मसाला भरलेली अंडी, मक्याचा पाव, पीच घालून भाजलेला गोड कॉबलर, थरांचे केक. दक्षिणेतल्या प्रत्येक बाईच्या फ्रीझरमध्ये मयताच्या घरी न्यायला एक भांडं नेहमी तयार असतं, कोण कधी जाईल याचा नेम नाही म्हणून. आज ती सगळी बाहेर पडली होती. अर्लीनचा फोन भिंतीशी थरथरत होता.

बाहेरच्या खोलीतून केस कापणाऱ्या चेस्टरचा आवाज आला. "मी डोळ्यांनी पाहिलं. सिस्टर अर्लीन पुढच्या गाडीत, डोळ्याला रुमाल. ब्रदर टिलरी कुठेच नाहीत. तेव्हाच मी ओळखलं."

"फोनही कोणी उचलत नाही," कोणीतरी हुंदका दिला.

जॉसलिनने तोंडावर हात धरला. "डॅडी! तुम्ही गेलात!"

"बाहेर जा आधी," अर्लीनने त्याला ढकललं. "लोक रडतायत."

अँब्रोज दारापर्यंत गेला. तेवढ्यात बाहेर मिस ओडेसा बोलू लागली, आणि त्याचा पाय तिथेच अडकला.

"माझा लेस्टर परदेशात लष्करात होता," म्हातारी म्हणत होती. "माझं घर याच्या वाटेत सगळ्यात शेवटी. पण लेस्टरचं पत्र असलं की हा आधी माझ्याकडे यायचा. दोन मैल उलटा. पत्र द्यायचा, आणि मग जाऊन पहिल्या घरापासून सुरुवात करायचा. तीन वर्षं. मला वाटायचं पोस्टाची वाटच तशी असेल. लेस्टर परत आला तेव्हा कळलं."

खोलीत कोणीतरी आमेन म्हणालं.

"मिस्टर टिलरी," अर्लीन दातओठ खात कुजबुजली. ती त्याला मिस्टर टिलरी म्हणाली की वादळ जवळ आलं असं समजायचं. "बाहेर जा."

"जातो. थांब जरा. पुढे कोण बोलतंय ते ऐकू दे."

पुढे एक माणूस म्हणाला की कॉलेजचं पत्र आलं तेव्हा त्याला ते उघडायची भीती वाटत होती. पोस्टमन पायरीवर बसून राहिला, म्हणाला, तू उघड, मी आहे. एक बाई म्हणाली, नवरा गेल्यावर त्याच्या नावाने येणारी जाहिरातीची पाकिटं बंद करवून घ्यायला हा स्वतः तीन खिडक्या फिरला, कारण ते नाव बघून मी रोज रडायचे. कोणी म्हणालं, माझ्या फुलझाडांवर एकदाही पाय दिला नाही. अँब्रोज दाराला टेकून उभा होता. डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर हसू. आयुष्यात एवढा अभिमान त्याला कधी वाटला नव्हता, निवृत्तीच्या समारंभातसुद्धा नाही. तिथे तर फक्त घड्याळ मिळालं होतं.

रॉजर हॅल्वरसन त्याच्या खांद्यामागून ऐकत होता. "अँब्रोज," तो हळूच म्हणाला, "एकतीस वर्षं मी एकाच घरात राहतोय. शेजाऱ्याचं नाव मला चुकून आलेल्या पाकिटावरून कळलं. मी मेलो तर एक भांडं येईल. कदाचित."

अँब्रोज त्याच्याकडे वळला. तेवढ्यात बाहेर केस कापणारा पुन्हा बोलला. "सोन्यासारखा माणूस. फक्त एक. देव त्याला क्षमा करो, पण त्याचे रिब्ज... इतके कोरडे रिब्ज मी जन्मात खाल्ले नाहीत."

"आमेन," सगळी खोली एका आवाजात म्हणाली.

"कोण म्हणतो कोरडे?" अँब्रोज दार ढकलून बाहेरच्या खोलीत घुसला. "कोण म्हणतो? पंच्याण्णव सालच्या सहलीत तू तीन वेळा मागून घेतलेस, चेस्टर!"

एक किंकाळी. एक ताट फुटलं. चेस्टर सोफ्याच्या मागे गेला. पाद्रीबाबांनी हातातलं पुस्तक छातीशी धरलं. मिस ओडेसा एकटी हलली नाही. तिने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"अँब्रोज, तू मेलेला नाहीस?"

"नाही, मॅडम."

"मी पहाटेपासून गुडघे धरून बसले होते, तरी उठून नारळाचा तीनमजली केक केला. निदान लाज तरी वाटू दे जराशी."

"वाटते, मॅडम."

"मग कापायला सुरी आण."

मग जे झालं त्याला जेवण म्हणणं कमीपणाचं होईल. अन्न परत न्यायची रीत मॅकनमध्ये नाही. मयत जिवंत निघालं म्हणून ती बदलायची का? समितीच्या चारही गाड्या परत आल्या. लुसील स्वतः आली, काखेत हॅमचं पातेलं, येताच तिने अँब्रोजच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला मिठी मारून रडली. रॉजरने आठ पदार्थ खाल्ले आणि नवव्यासाठी उठला. "भाजी थोडी अजून," तो म्हणाला आणि स्वतःच्या हाताने मॅकरोनी वाढून घेतली. ते पाहून अर्लीनने अँब्रोजला कोपराने ढोसलं.

कॅरिन मात्र कुठे दिसेना. अँब्रोज तिला शोधत स्वयंपाकघरात गेला. ती बाह्या वर करून रिकामी भांडी धूत होती. प्रत्येक भांडं उलटं करून ती त्याच्या बुडाला चिकटवलेली पट्टी वाचत होती.

"ही नावं कसली?" तिने विचारलं.

"ज्याचं भांडं त्याचं नाव. धुऊन घरी नेऊन द्यायचं असतं, स्वतः, हातात." अँब्रोज ओशाळला. "सत्तेचाळीस आहेत. मला महिना लागेल. त्यांनी सगळ्यांनी माझ्यासाठी..." त्याने एक भांडं उचलून पुसायला घेतलं.

कॅरिनने हात पुसले. दिवसभरात ती पाच वाक्यं बोलली असेल. "कागद आहे?" ती म्हणाली. त्याने दिला. ती टेबलाशी बसली, पेन काढलं आणि दाराकडे पाहून हाक मारली. "जॉसलिन!"

जॉसलिन ताट हातात घेऊन आली. डोळे लाल, गालाला केकचं क्रीम.

"त्या हॉलवाल्यांना नाही कळवू?" कॅरिनने विचारलं. "माझ्याकडे तिथे बोलवायला चाळीस माणसं आहेत, जॉसलिन, आणि त्यातली निम्मी रॉजरच्या ऑफिसातली. तुझं सांग."

 जॉसलिनने जोरजोरात मान डोलावली आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं. ताटातली मॅकरोनी त्याच्या शर्टावर सांडली. आज कोणाला त्याची पर्वा नव्हती.

"ठीक आहे," कॅरिन म्हणाली. "मग आमंत्रणं आत्ताच लिहून घेऊ. नावं भांड्यांवर आहेत. पत्ते कुठे मिळतील?"

अँब्रोजने खुर्ची ओढली. पाठ ताठ केली. सदऱ्यावरची मॅकरोनी झटकली.

कॅरिनने पहिलं भांडं उलटं केलं. "बी. मॅकलेंडन."

"बर्निस मॅकलेंडन. पाचशे बारा, पाइन स्ट्रीट. पेटी दाराच्या डाव्या हाताला, झाकण अडकतं."

"टी. आर. ऑलिव्हर."

"पाचशे अठरा. तिथून तिसरं घर. फाटक आत उघडतं, बाहेर नाही."

"नुसतंच लिहिलंय, 'मे'."

"मे डेल हॅचर. चर्चच्या मागे, निळा ओटा. नंबर पुसलाय, पण तुम्ही नुसतं नाव लिहा, पोचेल."

दारात रॉजर, अर्लीन, कर्टिस, मिस ओडेसा येऊन उभे राहिले होते.  अँब्रोज डोळे मिटून गल्लीतून गल्लीत चालला होता, उजवी बाजू जाताना, डावी येताना, एकही घर न चुकवता.

"पुढचं नाव सांगा," तो म्हणाला.